बेटावरचं गाव आणि दहा वर्षांची यादी

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच.)

मागच्या भागात आपण घरपट्टीबद्दल बोललो होतो. त्यावर बऱ्याच श्रोत्यांनी फिरून फिरून एकच गोष्ट विचारली. कर भरतो ते ठीक आहे हो, पण त्या पैशातून नवीन काय बांधायचं आणि आधी काय बांधायचं, हे ठरवतं कोण? आणि कसं?

प्रश्न मला आवडला, कारण तो माझ्या घरातलाच आहे. माझे बाबा कोकणातल्या एका नगरपरिषदेत लेखा विभागात होते. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. तर तिथे एक पाण्याची टाकी होती. टेकडीवर, उंच, चार खांबांवर उभी, झकास. अनुदान आलं होतं, ते ३१ मार्चच्या आत संपवायचं होतं आणि त्या अनुदानाच्या शीर्षात टाकी बसत होती. टाकीपर्यंत जाणारी जलवाहिनी बसत नव्हती. ती दुसऱ्या शीर्षात. म्हणून टाकी झाली, जलवाहिनी राहिली. दरवर्षी अंदाजपत्रकात एक ओळ यायची, 'जलवाहिनीची तरतूद पुढील वर्षी प्रस्तावित'. बाबा ती ओळ स्वतःच्या हाताने लिहायचे. नऊ वर्षं लिहिली. आम्ही मुलं त्या टाकीच्या सावलीत क्रिकेट खेळत मोठी झालो. आत पाण्याचा थेंब नव्हता, बाहेरून मात्र सिमेंटची आणि बनियनची जाहिरात रंगवलेली होती.

ही टाकी डोक्यात ठेवून आजची गोष्ट ऐका. गोष्ट अमेरिकेतल्या नँटकेट नावाच्या बेटाची आहे. मी गेली बरीच वर्षं बॉस्टनच्या जवळ राहते, पाणी आणि सांडपाणी हाच माझा कामाचा विषय, त्यामुळे हे गाव माझ्या नजरेत होतं. पण त्या गावासाठी मी कधी काम केलेलं नाही, हे आधीच सांगते. गेले ती आधी पर्यटक म्हणून आणि नंतर बघी म्हणून.

नँटकेट मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या दक्षिणेला साधारण ४८ किलोमीटरवर समुद्रात आहे. हायनिस बंदरातून साधी बोट घेतली तर सव्वादोन तास लागतात. एके काळी देवमाशाच्या तेलाच्या धंद्याची ही राजधानी होती. 'मोबी डिक' कादंबरीतलं जहाज निघतं ते इथूनच. पुढे तो धंदा बसला. आज गाव चालतं ते उन्हाळ्यावर आणि श्रीमंतांच्या सुट्टीच्या घरांवर. २०२०च्या जनगणनेत इथली कायमची लोकसंख्या १४,२५५ होती. त्याआधी २०१०मध्ये १०,१७२. म्हणजे दहा वर्षांत चाळीस टक्के वाढ. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती कितीतरी पट होते. गणपतीत कोकणातलं गाव कसं फुगतं, तसं. फक्त हे दहा दिवस नाही, दोन-अडीच महिने चालतं.

मी हेच गाव का निवडलं? कारण इथे गाव, तालुका, जिल्हा सगळं एकच. बेट संपलं की कारभार संपला. शेजारच्या गावाकडून पाणी घेऊ, कचरा पलीकडच्या शहरात टाकू, अशी सोयच नाही. पिण्याचं पाणी सगळं बेटाच्या पोटातलं. इथला भूजलसाठा १९८४ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने पाण्याचा एकमेव स्रोत म्हणून जाहीर केला. तो नासला तर दुसरा नाही. सिमेंट, खडी, पाइप, क्रेन, सगळं बोटीने किंवा बार्जने येतं. मजुरांना राहायला जागा परवडत नाही, म्हणून अनेक जण रोज बोटीने नाहीतर विमानाने ये-जा करतात. वारा सुटला की बोट रद्द, त्या दिवशीचं काम रद्द. हे सगळं ठेकेदार आपल्या दरात धरतो, आणि का धरू नये?

शिवाय उन्हाळ्यात रस्ते खणायचे नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात खणत नाहीत (म्हणजे खणू नये असं म्हणतात), तसं तिथे पाहुण्यांच्या हंगामात नाही. मग उरतो शरद ऋतू, थंडी आणि थोडा वसंत. त्यातही हिवाळ्यातली वादळं. एखादं काम एका हंगामात हुकलं की थेट वर्ष जातं. म्हणून 'यंदा बघू' हा प्रकार बेटाला परवडत नाही. आधीपासून ओळीने लावून ठेवावं लागतं.

आता ही ओळ कशी लागते, ते बघू. पगार, डिझेल, विजेचं बिल हा रोजचा, महसुली खर्च. अग्निशमनाची गाडी, शाळेची इमारत, सांडपाण्याचे पंप, बंदराचा धक्का, हा भांडवली खर्च. एकदा करायचा आणि पुढे वर्षानुवर्षं वापरायचा. गावाचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्याच्या आधीच्या शरद ऋतूत प्रत्येक खातं आपली मागणी लेखी देतं. या मागण्या जातात गावकऱ्यांच्या एका समितीकडे. समितीचे सभासद पगारी नाहीत, आपापला कामधंदा सांभाळून येणारे लोक आहेत. ते खातेप्रमुखांना बोलावतात आणि अगदी घरगुती प्रश्न विचारतात. हा पंप आत्ता बदलला नाही तर काय होईल? दोन वर्षांनी बदलला तर? हा रस्ता यंदा डांबरी करताय, मग त्याखालची पाण्याची पाइपलाइन किती जुनी आहे? डांबर टाकून पुढच्या वर्षी परत फोडणार का? (हा प्रश्न विचारायला एक समिती आपल्याकडेही हवी, पण जाऊ दे.)

यातून दहा वर्षांचा तक्ता तयार होतो. आडव्या ओळीत काम, उभ्या रकान्यात वर्ष. पहिल्या वर्षाचा रकाना म्हणजे पैशाची खरी मागणी. उरलेले नऊ हे वचन नाही, अंदाज आहे. दरवर्षी तक्ता नव्याने मांडतात. कामं पुढे-मागे सरकतात, काही गळतात.

पहिल्यांदा असा तक्ता वाचताना मला वाटलं, ही बांधायच्या गोष्टींची यादी. नंतर नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की यातला बराचसा भाग थांबवलेल्या गोष्टींचा आहे. अमुक छप्पर पाच वर्षं टिकेल, म्हणून सहाव्या वर्षी. तमुक पंप आठ वर्षं. काय किती दिवस थांबू शकतं याची गावाने तारखेसकट दिलेली कबुली, असं मी त्याला म्हणेन. बाबांच्या ओळीत 'पुढील वर्षी' होतं. तारीख नव्हती.

पैसा कुठून येतो? थोडा शिलकीतून. रस्त्यांसाठी राज्य सरकार थोडा देतं. पाणी, सांडपाणी, विमानतळ यांची खाती वेगळी आहेत, ती आपल्या पट्टीवर आणि भाड्यावर चालतात. मोठं काम असलं की गाव रोखे काढतं, म्हणजे कर्ज. आणि इथे मॅसॅच्युसेट्सचा एक कायदा आडवा येतो. १९८० साली मतदारांनीच सार्वमताने केलेला. लोक त्याला अडीच टक्क्यांचा कायदा म्हणतात. गावाने मालमत्ता करातून गोळा करायच्या एकूण रकमेची मर्यादा वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, नवीन बांधकामातून येणारा कर तेवढा वेगळा. पगार आणि विमा वाढण्यातच ते अडीच टक्के संपतात. मोठी शाळा किंवा नवं सांडपाणी केंद्र त्यात बसतच नाही.

मग गावाला लोकांकडे जाऊन म्हणावं लागतं, 'या एका कामाच्या कर्जाचा हप्ता मर्यादेबाहेर धरायची परवानगी द्या, कर्ज फिटेपर्यंत.' त्यासाठी दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं दार गावसभा, टाउन मीटिंग. वसंत ऋतूत भरते. कोणताही नोंदलेला मतदार येऊन बसू शकतो, बोलू शकतो, हात वर करू शकतो. कर्ज काढायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. दुसरं दार मतपेटी. त्याच प्रश्नावर गुप्त मतदान होतं, तिथे साधं बहुमत पुरतं. एका दारात अडकलं तरी काम अडकलं.

आपल्याकडे ग्रामसभा आहे, घटनेत आहे. पण हिशेबाचं पुस्तक समोर ठेवून 'हे कर्ज काढायचं की नाही' असं गावाला विचारलेलं मी तरी कुठल्या ग्रामसभेत बघितलेलं नाही. म्हणून मुद्दाम एकदा ही सभा बघायला गेले. शाळेचं सभागृह. मतदार नसलेल्यांना बाजूला वेगळ्या खुर्च्या. हातात जाडजूड छापील पुस्तिका, त्यात सगळे ठराव आणि प्रत्येकाखाली वित्त समितीचं मत. बेटावरचे सगळे मतदार काही येत नाहीत. काही शे येतात, एखादा तापलेला विषय असेल तर हजारभर. काही बायका विणकाम घेऊन बसल्या होत्या. मोठ्या रकमा चटकन मंजूर होत होत्या आणि एका छोट्या रकमेवर पाऊण तास वाद झाला. हे मात्र आपल्याकडच्या सोसायटीच्या सभेसारखंच. लिफ्टचे लाख मंजूर, वॉचमनच्या छत्रीवर भांडण.

माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांचं बेटावर घर आहे, पण राहतात दुसऱ्या राज्यात. मला म्हणाले, 'कर मी भरतो, मत ते देतात.' चिडून नव्हे, हवामान सांगावं तसं. गोष्ट खरी आहे. बेटावरची अर्ध्याहून जास्त घरं हंगामी मालकांची आहेत. त्यांचा कर गावाच्या तिजोरीत येतो, पण ते मतदार दुसरीकडचे. वर कायमच्या रहिवाशांना राहत्या घरावर करात सवलत आहे, त्यामुळे भार आणखी तिकडे सरकतो.

माझं मत विचाराल तर हा अन्याय आहे असं मला वाटत नाही. जानेवारीत जो तिथे राहतो, मुलं तिथल्या शाळेत घालतो, त्यानेच ठरवावं. पण यात एक धोका आहे. दुसऱ्याच्या खिशातून खर्च करताना तक्ता लांबच लांब होऊ शकतो. तो दोन तृतीयांशाचा उंबरठा, माझ्या मते, तिथे उपयोगी पडतो. आणि प्रत्यक्षात गावकरी काही हात सैल सोडत नाहीत. गावाच्या मालकीचा एक वृद्धाश्रम आहे, त्याची जुनी इमारत बदलायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. म्हातारी माणसं बेटावरच राहावीत असं सगळ्यांना वाटतं, आणि खर्चाचा आकडा आला की सगळे गप्प होतात.

आता माझ्या विषयाकडे येते, म्हणजे सांडपाण्याकडे. (हसू नका, यावर माझं घर चालतं.) सांडपाणी केंद्र किती क्षमतेचं बांधायचं? जानेवारीच्या लोकसंख्येला पुरेल एवढं बांधलं तर ऑगस्टमध्ये घाण बाहेर. ऑगस्टला पुरेल एवढं बांधलं तर आठ-नऊ महिने निम्म्याहून जास्त यंत्रणा रिकामी, आणि तिचा हप्ता, देखभाल, कर्मचारी बारा महिने. यातून सुटका नाही. बेटावर ऑगस्टसाठीच बांधावं लागतं. कोकणात आणि गोव्यात पर्यटनाची गावं वाढवताना हा हिशेब कोणी मांडतं का, मला माहीत करून घ्यायला आवडेल. खोल्या मोजतात, संडासाच्या टाक्या मोजत नाहीत.

जिथे गटार नाही तिथे घरोघरी सेप्टिक टँक. त्यातलं नायट्रोजन वाळूतून झिरपत बंदराच्या पाण्यात जातं. त्याने शेवाळ माजतं, समुद्री गवत मरतं, आणि त्या गवतात वाढणारे स्कॅलॉप कमी होतात. स्कॅलॉप म्हणजे आपल्या तिसऱ्यांचा लांबचा भाऊ म्हणा. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हा तिथला त्यांच्या मासेमारीचा हंगाम, म्हणजे हिवाळ्यात बेटावरच्या माणसाच्या हातात येणारे पैसे. म्हणजे जमिनीखालचा पाइप आणि बंदरातला शिंपला एकाच हिशेबात आले. तरीसुद्धा गावसभेत पाइपच्या बाजूने बोलणं अवघडच. शाळेला आईबाप असतात, अग्निशमनाच्या गाडीला जवान असतात. गटाराला कोण आहे? कोणी नवीन गटाराचं उद्घाटन करून फोटो लावत नाही. म्हणून अशी कामं तक्त्यात आधीच्या वर्षात ठेवायला समितीत कोणीतरी हट्टी माणूस लागतो.

थांबवणं वाईटच असतं असं मात्र समजू नका. विजेचं बघा. हा गावाच्या अंदाजपत्रकातला खर्च नाही, वीज कंपनीचा आहे, पण मुद्दा तोच. १९९६पर्यंत बेटावर डिझेलवर वीज तयार होत होती. त्या वर्षी समुद्राखालून पहिली केबल आली, २००६मध्ये दुसरी. उन्हाळ्यातली मागणी वाढत गेली. भर जुलैत एक केबल बंद पडली तर दुसरी एकटी पुरणार नाही, अशी वेळ जवळ आली. सरळ उत्तर म्हणजे तिसरी केबल, आणि ती प्रचंड महाग. नॅशनल ग्रिड कंपनीने हिशेब केला की अडचण वर्षातल्या थोड्या तासांची आहे. म्हणून २०१९मध्ये बेटावर ६ मेगावॉटची, पूर्ण भरली तर आठ तास पुरणारी मोठी बॅटरी बसवली, जोडीला नवीन जनरेटर, आणि तिसरी केबल पुढे ढकलली. ढकलणं हे इथे काम करून ढकलणं आहे. बाबांच्या नगरपरिषदेने नऊ वर्षं जे केलं त्यालाही कागदावर पुढे ढकलणंच म्हणत होते.

आणि आता एक असा भिडू आहे जो तक्त्यातल्या तारखा कोणाला न विचारता बदलतो. समुद्र. बेट म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या वाळू-मातीचा ढीग आहे, खडक नाही. पूर्व टोकाला १८५०चा सँकटी दीपस्तंभ आहे. कडा ढासळत इतकी जवळ आली की २००७ साली अख्खा दीपस्तंभ उचलून सुमारे ४०० फूट आत नेऊन ठेवला. तिथल्याच कड्यावर घरांची रांग आहे, त्यामागून रस्ता जातो आणि रस्त्याखाली गावाचे पाण्याचे आणि गटाराचे पाइप. कड्याच्या पायथ्याशी वाळूच्या अजस्र पिशव्या रचून घरं वाचवायची की किनारा आपल्या गतीने मागे सरू द्यायचा, यावर बेटावर कित्येक वर्षं भांडण चाललंय. घरमालक एका बाजूला, किनाऱ्याचे कैवारी दुसऱ्या बाजूला. गावाच्या माथी मात्र तिसरीच गोष्ट. घर खासगी आहे, पाइप गावाचा आहे. कडा पाइपपर्यंत पोचायच्या आत पर्यायी रस्ता आणि पर्यायी पाइप हवेत. म्हणजे उद्या कदाचित नसणाऱ्या घरांसाठी आज भांडवली खर्च.

मुख्य सांडपाणी केंद्रही दक्षिण किनाऱ्याच्या बाजूलाच आहे, आणि तो किनाराही झिजतोय. बंदरात १९६५पासून भरती मोजतात, तेव्हापासून पाणी आठ इंचांच्या आसपास चढलंय. जुन्या गावातल्या बंदरालगतच्या रस्त्यावर मोठ्या भरतीला पाणी येतं, लोक गमबूट घालून जातात. २०२१मध्ये गावाने किनाऱ्यासाठी वेगळा आराखडा केला. त्यातली कामं दहा वर्षांच्या तक्त्यात मावत नाहीत. रकमेनेही नाही आणि वर्षांनीही नाही. छप्पर किती वर्षं टिकेल ते इंजिनियर सांगू शकतो. कडा किती वर्षं टिकेल ते सांगताना मीसुद्धा 'साधारण' म्हणते, आणि एका वादळात ते साधारण दहा फुटांनी चुकतं.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा असा एक तक्ता छापून नेला होता. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चष्मा लावून, जेवण झाल्यावर दोन तास घेऊन बसले. इंग्रजी त्यांना अडत नाही, अंदाजपत्रक कुठल्याही भाषेतलं असलं तरी अडत नाही. मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही तेव्हा एकटे काय करणार होतात? अनुदानाचं शीर्षच तसं होतं.' ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'अगं, शीर्षाचं सोड. मला नवव्या वर्षी एक कनिष्ठ अभियंता विचारायला आला होता, ही ओळ कधीपासून चालू आहे? मी त्याला जुन्या फाइली काढून दिल्या नाहीत. म्हटलं, कशाला.'

टाकी पुढे पाडली. गळत होती म्हणे, पाणी न भरताच.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी तक्ता परत समोर घेतला आणि बोट ठेवून विचारलं, 'हे काम या वर्षात लिहिलंय. मागच्या वर्षीच्या कागदात ते कुठल्या वर्षात होतं?' मला सांगता येईना. मी एकाच वर्षाचा छापून नेला होता. तर आता मागच्या पाच वर्षांचे तक्ते छापून पाठवायचे आहेत, आणि सोबत लाल पेन्सिल, कारण त्यांच्या मते गावात मिळते ती नीट उठत नाही. माझा मावसभाऊ पुढच्या महिन्यात भारतात जातोय, त्याच्या बॅगेत देणार आहे.

बाबांनी काही शोधून काढलं तर पुढच्या एखाद्या भागात सांगेनच. तोवर तुमच्या नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात 'पुढील वर्षी प्रस्तावित' अशी ओळ सापडली, तर मला कळवा, आणि जमलं तर मागची दोन-तीन वर्षंही चाळून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.